आडोशाची हेज वाळतेय, विरळ होतेय: कारण शोधणं आणि नवं कुंपण लावणं याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंगला, रो-हाऊस किंवा शेतघराच्या कडेने आडोसा म्हणून लावलेली हेज काही वर्षं छान वाढते आणि मग एका उन्हाळ्यात किंवा एका पावसाळ्यानंतर ठिकठिकाणी वाळायला लागते. पुणे-नाशिकच्या काळ्या मातीपासून रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या जांभ्यापर्यंत सगळीकडून येणारे प्रश्न बरेचसे सारखे असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्या उत्तरांमागचं म्हणणं एकच आहे: हेज बहुतेक वेळा मुळांपाशी मरते आणि औषध मात्र पानांवर मारलं जातं. कारण हाती लागल्याशिवाय त्याच चरात तीच रोपं पुन्हा लावू नका.

हेज मेलीय की नुसती आजारी आहे, हे कसं ओळखायचं?

नखाने. वाळलेल्या फांदीच्या टोकाकडची साल हलकेच खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर वीतभर खाली सरकून पुन्हा खरवडा. असं करत खोडाच्या बुडाशी या. बुडाशी हिरवं असेल तर मेंदी, कोयनेल, दुरांता, जास्वंद, अडुळसा ही झाडं खालून फुटू शकतात. बुडाशीही साल कोरडी असेल किंवा बोटाने सोलून निघत असेल, तर ते झाड गेलं.

मग खोड दोन्ही हातांनी धरून हलवा. निरोगी झाड जमीन सोडत नाही. डळमळत असेल किंवा सहज उपटून हातात येत असेल तर मुळं कुजली आहेत किंवा खाल्ली गेली आहेत.

मेंदीबद्दल घाई करू नका. पाण्याचा ताण पडला की ती पानं झाडते आणि काड्यांचा सांगाडा उभा राहतो. अशा मेंदीला मेलेली समजून काढून टाकलेलं पाहिलं की वाईट वाटतं, कारण चांगल्या दोन पावसांनंतर ती हिरवी झाली असती.

हेजचा काही भागच वाळतोय. त्यावरून कारण कळतं का?

बरंच कळतं. जवळ जाऊन पानं बघण्याआधी दहा-पंधरा पावलं मागे जाऊन पूर्ण ओळ बघा.

एक झाड वाळलं, मग त्याच्या शेजारचं, मग त्याच्या पलीकडचं, अशी रांग लागली असेल तर संशय मूळकुजीवर किंवा हुमणीवर (मुळं खाणाऱ्या अळीवर) घ्या. सखल कोपऱ्यातलीच झाडं गेली असतील तर पाणी साचतंय. फक्त रस्त्याकडची बाजू वाळली असेल तर तिकडे केबलसाठी किंवा पाइपलाइनसाठी चर खणला होता का ते आठवा. एका बाजूची मुळं तुटली की त्याच बाजूच्या फांद्या माना टाकतात, आणि हे खोदकामानंतर लगेच नाही तर पुढच्या उन्हाळ्यात दिसतं. पश्चिमेच्या भिंतीला चिकटून असलेली हेज भिंतीकडून वाळत असेल तर ती भिंतीची धग आहे. पूर्ण ओळ सारखीच फिकी आणि मरगळलेली असेल तर कीड नाही. माती, पाणी किंवा छाटणी यांपैकी काहीतरी चुकतंय.

शेतघर असेल तर आणखी एक शक्यता लक्षात ठेवा. शेजारच्या उसात २,४-डी मारलं आणि वारा तुमच्या बाजूला असेल, तर कोवळी पानं पट्ट्यासारखी अरुंद होतात, देठ पिळवटतात, शेंडे वाकडे होतात. हा रोग नाही, तणनाशकाचा फवारा आहे. हेज सहसा यातून सावरते. नुसतं पाणी द्या, खत देऊ नका, आणि शेजाऱ्यांशी बोलून घ्या की वारा पडल्यावर, सकाळी लवकर फवारावं.

खणून बघायचं म्हणजे नक्की काय बघायचं?

पूर्ण मेलेल्या झाडापाशी खणून फारसं काही कळत नाही, तिथे सगळं संपलेलं असतं. अर्धवट आजारी झाड निवडा आणि त्याच्या बाजूला कुदळीने फूटभर खोल खणा.

आधी मातीचा वास घ्या. सडका, गटारासारखा वास आला तर मातीत हवा नाही. मग पेन्सिलीपेक्षा बारीक मुळं बघा. जिवंत मूळ आतून पांढरट आणि कडक असतं. कुजलेलं मूळ तपकिरी-काळं असतं आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल हातात येते, आत दोऱ्यासारखा गाभा राहतो. ही मूळकुजीची खूण आहे.

मातीत इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या सापडल्या तर ती हुमणी. वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात, रात्री कडुलिंब, बाभूळ, बोरीचा पाला खातात आणि मातीत अंडी घालतात. मुळं खाण्याचा खरा जोर ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये असतो. म्हणून पाऊस चांगला असूनही गणपती-नवरात्रात हेज सुकायला लागली तर आधी हुमणी शोधा. न कुजलेलं, ताजं शेणखत चरात भरणं हे तिला आमंत्रण असतं. अळ्या वेचून काढा आणि मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी चांगल्या कुजलेल्या खतात मिसळून मुळांशी द्या. पुढच्या वर्षी पहिल्या पावसानंतर कडुलिंबाच्या फांद्या रात्री हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले, आणि आसपासच्या चार घरांनी मिळून हे केलं, तर औषधापेक्षा जास्त फरक पडतो.

मुळांवर मातीचे बोगदे आणि पोखरलेलं लाकूड दिसलं तर वाळवी. पण वाळवी बहुतेकदा आधीच मेलेल्या लाकडावर येते. ती दिसली म्हणून तिलाच दोषी ठरवू नका, झाड आधी कशाने खचलं ते बघा.

पावसाळ्यात हेज हिरवीगार असते आणि पाऊस संपताना वाळते. असं का?

काळ्या मातीत हे फार होतं. काळी माती पाणी धरून ठेवते, आणि बंगल्याचा पाया आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात त्या पाण्याला जायला वाट नसते. जुलै-ऑगस्टमध्ये मुळं आठवडेच्या आठवडे पाण्यात राहतात आणि बारीक मुळं गुदमरून मरतात. वर मात्र ढगाळ, ओलसर हवा असल्याने पानांना काही जाणवत नाही. ऑक्टोबर हीटमध्ये ऊन तापलं की पानं पाणी मागतात आणि पुरवायला मुळंच उरलेली नसतात. मग लोक पाणी वाढवतात, आणि उरलीसुरली मुळंही जातात. हे घराघरात घडतं आणि टाळता येण्यासारखं आहे, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

तपासणी सोपी आहे. फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, ते जिरू द्या, संध्याकाळी पुन्हा भरा. सकाळी पाणी तसंच असेल तर निचरा नाही.

उपाय औषधाचा नाही, उताराचा आहे. हेजच्या ओळीला समांतर, दीड-दोन फुटांवर एक चर काढून त्यात खडी किंवा विटांचे तुकडे भरा आणि त्याचं तोंड सखल बाजूला मोकळं करा. गच्चीवरच्या पाइपाचं पाणी हेजच्या बुडाशी पडत असेल तर ते वळवा. मूळकूज सुरू झालेली असेल तर निचरा झाल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला २.५ ग्रॅम या प्रमाणात बुडाशी ओता, आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी शेणखतात मिसळून द्या. दोन्ही एकदम देऊ नका. तांब्याचं औषध त्या उपयोगी बुरशीलाही मारतं.

पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. खत कमी पडलंय का?

खत कमी नाही, लोह कमी पडलंय, आणि तेही मातीत असून मिळत नाहीये. चुनखडीच्या जमिनीत आणि नव्या बांधकामाभोवती हे जास्त दिसतं, कारण भिंतीलगत सिमेंट, चुना, प्लास्टरचा मलबा तसाच गाडलेला असतो. मातीचा सामू (पीएच) ८ च्या वर गेला की लोह अडकून पडतं आणि कोवळी पानं आधी पिवळी होतात. कामिनी आणि जास्वंद यांना हे फार लवकर जाणवतं.

तात्पुरता आराम म्हणून हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा. मातीत द्यायचं असेल तर हिराकस सरळ टाकून उपयोग नाही, चुनखडी ते लगेच बांधून टाकते. शेणखतात मिसळून मुरवून द्या, किंवा चिलेटेड लोह घ्या. ते घेताना पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलंय का बघा. ‘ईडीटीए’ स्वरूपातलं लोह चुनखडीच्या मातीत टिकत नाही. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात माती तपासून घ्या आणि सामू, क्षारता, मुक्त चुना हे तिन्ही आकडे मागा.

बोअरच्या पाण्यामुळे हेज जळू शकते का?

हो. पानांच्या कडा आणि टोकं करपतात, जमिनीवर पांढरा थर येतो, आणि उन्हाळा पुढे सरकतो तसं वाढत जातं. पाण्याची विद्युत वाहकता (क्षारांचं माप) २.२५ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर ते पाणी नाजूक झाडांना चालत नाही. मातीची ४ च्या वर असेल तर ती क्षारपड धरतात. रोज थोडं थोडं पाणी देण्याने क्षार वरच्या थरात साचतात. चार-पाच दिवसांनी, पण खोलवर भिजेल असं द्या, आणि पावसाळ्यात छपराचं पाणी या पट्ट्यातून (निचरा असेल तरच) वाहून जाऊ द्या. पाणी बदलणं शक्य नसेल तर झाड बदला. कोयनेल मुळात खाडीकाठची वनस्पती आहे, खारं पाणी आणि खारा वारा दोन्ही सोसते.

हेजवर पिवळ्या शेवयांसारखी जाळी पसरलीय. ती काय आहे?

अमरवेल. दुरांता, मेंदी आणि कोयनेलच्या हेजवर ती हमखास दिसते. तिला पानं नाहीत, आणि एकदा यजमान झाडाला चिकटली की जमिनीत मूळही उरत नाही. बारीक शोषक मुळं फांदीत घुसवून ती सगळं तिथूनच घेते.

नुसती जाळी ओढून काढणं म्हणजे ती वाढवणं. फांदीत घुसलेले तुकडे पुन्हा फुटतात आणि खाली पडलेला बोटभर तुकडासुद्धा दुसऱ्या फांदीला धरतो. जिथे ती चिकटली आहे त्याच्या वीतभर खालून झाडाची फांदीच कापायची, वेलीसकट. खाली जुनी चादर किंवा ताडपत्री अंथरा म्हणजे तुकडे सांडणार नाहीत. हे सगळं तिला फुलं-फळं येण्याआधी करा, कारण बी मातीत अनेक वर्षं जिवंत राहतं. कापलेला माल कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. प्लास्टिकच्या काळ्या पिशवीत बांधून उन्हात काही आठवडे ठेवा, पूर्ण वाळला की मगच विल्हेवाट लावा.

त्यानंतर तीन-चार महिने दर आठवड्याला ओळीवरून नजर फिरवायची. हे काम कंटाळवाणं आहे पण याला दुसरा पर्याय नाही. आणि माळ्याची कात्री दुसऱ्या बंगल्यावरून आली असेल तर ती धुऊन मगच वापरू द्या. सोसायट्यांमध्ये अमरवेल बऱ्याचदा कात्रीवरूनच एका कुंपणावरून दुसऱ्या कुंपणावर जाते.

जास्वंदीच्या कुंपणावर पांढरा कापूस आणि मुंग्या आहेत. काय फवारू?

तो पिठ्या ढेकूण. पहिल्यांदा मुंग्यांचा बंदोबस्त करा. ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला एका फांदीवरून दुसरीकडे नेतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावतात. जास्त भरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. उरलेल्यावर जोराचा पाण्याचा फवारा, आणि मग निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडा साबण मिसळून, दर सात-आठ दिवसांनी दोन-तीन वेळा.

जहाल कीटकनाशक टाळण्यामागे एक चांगलं कारण आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात २००८ साली कोइमतूरला आढळला आणि पुढे महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांपर्यंत पोचला. जास्वंदीवरही तो येतो. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून ‘ॲसेरोफॅगस पपाये’ नावाची चिमुकली गांधीलमाशी आणून सोडली गेली आणि तिने ही कीड आटोक्यात आणली. घरच्या हेजवरही असे मित्रकीटक काम करत असतात. फुगलेले, तपकिरी पडलेले ढेकूण दिसले तर ते त्यांनीच मारलेले आहेत. तिथे फवारा थांबवा.

वरून दाट, खालून उघडी. आडोसा उरलाच नाही. हे दुरुस्त होतं का?

होतं, आणि हा रोग नाही, छाटणीची चूक आहे. माळी उभ्याने कात्री चालवतो, त्यामुळे वरचा भाग रुंद होत जातो आणि खालच्या फांद्या सावलीत येऊन वाळतात. छाटणी नेहमी खाली रुंद, वर निमुळती अशी करायची. बुडाशी तीन फूट असेल तर माथ्यावर दोन.

उघडी पडलेली मेंदी, कोयनेल, दुरांता किंवा जास्वंद पावसाच्या तोंडाला, जूनअखेरीस, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर कापून टाका. बघवत नाही, पण खालून जोमाने फुटवे येतात. पूर्ण ओळ एकदम कापायची हिंमत होत नसेल तर या वर्षी घराकडची बाजू आणि पुढच्या वर्षी रस्त्याकडची. एप्रिल-मेमध्ये अशी खोल छाटणी करू नका. आतापर्यंत सावलीत राहिलेली साल ४० अंशांच्या उन्हात भाजते आणि चिरते.

मोरपंखीला हा नियम लावू नका. तिच्या जुन्या, पानं नसलेल्या लाकडातून नवा फुटवा येत नाही. आतून तपकिरी होणं तिच्यात थोडंफार नेहमीचं आहे, पण बाहेरून भुरकट पडली तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. लाल ठिपके चालताना दिसले तर लाल कोळी आहे, पाण्याचे फवारे आणि गंधक यांनी कमी होतो. बाहेरचा हिरवा थर गेला असेल तर मोरपंखी काढण्यावाचून मार्ग नाही. दख्खनच्या कोरड्या उन्हाळ्यात आडोशासाठी ती पुन्हा लावावी असं मला वाटत नाही.

थांबावं की काढून टाकावं?

दर तीन झाडांमागे एकापेक्षा कमी गेलं असेल, आणि कारण दूर करता येण्यासारखं असेल, तर दुरुस्ती करा. निम्म्याहून जास्त ओळ गेली असेल तर तुकडे जोडत बसण्यापेक्षा पूर्ण काढून नव्याने लावणं स्वस्त आणि लवकर होतं. मधल्या स्थितीत एक पावसाळा द्या. जुलैअखेर बुडातून फुटवा आला नाही त्या झाडाची वाट बघू नका.

कापायला परवानगी लागते का?

शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे आणि झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आडोशासाठी लावलेला अशोक किंवा फायकस आता झाडच झालेला असतो, तो परवानगीशिवाय तोडू नका. झुडपांची पूर्ण ओळ मुळासकट काढायची असेल तरी पालिकेच्या उद्यान विभागात आधी विचारून घ्या. गोव्यात १९८४ चा वृक्ष जतन कायदा आहे. सोसायटीच्या हद्दीवरची हेज असेल तर कमिटीचं पत्रही हातात असू द्या.

त्याच चरात पुन्हा लावलं तर चालेल?

छाटणी, पाणी किंवा म्हातारपण हे कारण असेल तर चालेल, माती सुधारून. मूळकूज किंवा हुमणी असेल तर लगेच नाही.

जुनी बुंधं पहारीने मुळांसकट काढा, आत तुकडे सोडू नका. मार्चअखेर माती दोन फूट खोल उकरून ढेकळं फोडा, भिजवा आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरून कडा मातीने दाबून टाका. एप्रिल-मेचं ऊन चार ते सहा आठवडे त्यावर पडू द्या. आपला उन्हाळा या कामासाठी फार गुणाचा आहे, वरच्या थरातली बुरशी, तणाचं बी आणि अळ्या बऱ्याच प्रमाणात मरतात. प्लास्टिक पारदर्शकच हवं, काळं तेवढं तापवत नाही. नंतर कुजलेलं शेणखत, ट्रायकोडर्मा आणि थोडी निंबोळी पेंड मिसळा. शक्य असेल तर जुन्या ओळीपासून दोन फूट सरकून नवी ओळ घ्या.

नवीन हेजसाठी कोणतं झाड घ्यावं?

नर्सरीत विचारलं तर त्यांच्याकडे जे जास्त आहे ते मिळतं. त्याऐवजी तुमची जागा काय देते ते आधी बघा.

ऊन भरपूर, पाणी कमी, मुरमाड जमीन असेल तर मेंदी. सहा-सात फूट आडोसा देते, कोरड्या हवेत टिकते. पाणी खारं, समुद्रकिनारा जवळ किंवा पावसाळ्यात थोडं पाणी साचणारी जागा असेल तर कोयनेल. ती वर्ष-दीड वर्षात भरते आणि शेळ्या तोंड लावत नाहीत. झाडाखालची अर्धसावली असेल तर कामिनी किंवा अडुळसा. अडुळशाला गावाकडे कुंपणाला लावायची जुनी रीत आहे, जनावरं खात नाहीत आणि औषधालाही पानं हाताशी असतात. दुरांता लवकर वाढतो, पण त्याला सारखी छाटणी लागते.

कामिनीबद्दल एक सूचना मनापासून करावीशी वाटते. ती लिंबू-संत्र्याच्याच कुळातली आहे आणि सिट्रस सायला ही कीड तिच्यावर मजेत वाढते. हीच कीड संत्र्याचा ग्रीनिंग रोग पसरवते, आणि त्या रोगावर इलाज नाही. नागपूर, काटोल, वरुड, मोर्शीच्या संत्रापट्ट्यात किंवा लिंबाच्या बागेशेजारी तुमचं घर असेल तर कामिनीची हेज लावू नका. शेजारच्या बागेवर कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न उभं असतं.

कोकणात आणि कोल्हापूरच्या घाटाकडच्या भागात उंच आडोसा हवा असेल तर माणगा बांबूचा विचार करा. काटे नाहीत, बेटातच राहतो, काठ्या भरीव आणि विकल्याही जातात. बांधावर लावायची पद्धत तिथे रुजलेलीच आहे. मात्र छोट्या प्लॉटच्या भिंतीला चिकटवून तो लावू नका. चोरवाट किंवा गुरं अडवायची असतील तर करवंद आणि चिलार अजूनही सरस आहेत.

‘एका वर्षात दहा फूट’ म्हणून कोनोकार्पस विकला जातो. तो अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरचा आहे, मुळं आक्रमक असल्याच्या आणि पाइपांना त्रास दिल्याच्या तक्रारी आहेत, आणि गुजरातच्या वन विभागाने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. घाणेरी तर कधीच लावू नका, आपल्या डोंगरांवर तिने केलेलं नुकसान पुरेसं आहे.

आणि पूर्ण ओळ एकाच जातीची ठेवू नका. चार कोयनेल, दोन जास्वंद, तीन अडुळसा अशी मिसळण केली तर एखादा रोग आला तरी पूर्ण कुंपण एकदम जात नाही. दिसायला एकसारखी भिंत होणार नाही, पण वर्षभर काही ना काही फुलत राहील.

लागवड केव्हा आणि कशी?

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले, जमीन वाफशावर (ओलसर, पण चिखल नाही अशी) आली की. जूनअखेर ते जुलैचा तिसरा आठवडा उत्तम. कोकणात मुसळधार पावसात लावण्यापेक्षा झड ओसरल्यावर लावा.

एकेक खड्डा न घेता सलग चर घ्या, दीड-दोन फूट रुंद आणि तितकाच खोल. काळी माती असेल तर त्यात मुरूम किंवा जाड वाळू मिसळून ओळ जमिनीपेक्षा वीतभर उंच गादीवर घ्या. जांभ्या मातीत उलट करा, तिथे पाणी धरायला पोयटा आणि भरपूर शेणखत लागतं. मेंदीची रोपं ९ इंच ते १ फुटावर, कोयनेल १ फुटावर, दुरांता दीड फुटावर, कामिनी दीड ते दोन, जास्वंद दोन ते अडीच फुटांवर. दाट आडोसा हवा असेल तर दोन ओळी नागमोडी, एकीतलं रोप दुसरीतल्या मोकळ्या जागेसमोर. भिंतीपासून किमान दोन फूट सोडा.

मोठी रोपं घ्यायचा मोह होतो. पाच फुटांचं रोप पिशवीत अडकलेल्या, गोल गोल फिरलेल्या मुळांसह येतं आणि दोन वर्षं जागचं हलत नाही. दीड-दोन फुटांचं निरोगी रोप त्याला मागे टाकतं. पिशवी काढून मुळांचा गोळा बघा, वेटोळी झाली असतील तर ती सोडवा किंवा कापा.

नवी हेज वाढेपर्यंत घर उघडं पडेल. तोवर काय?

हिरवी शेडनेट किंवा बांबूच्या ताट्या चालतात, पण माझी पसंती शेवरीला किंवा तुरीला. जूनमध्ये हेजच्या ओळीपासून तीन फूट बाहेरच्या बाजूला बी टोकलं की दिवाळीपर्यंत डोक्याएवढा आडोसा होतो. दोन्ही शेंगवर्गीय आहेत, मातीला नत्र देतात, आणि तुरीच्या शेंगा मिळतात त्या वेगळ्याच. उन्हाळ्याआधी बुडापासून कापा, मुळं जमिनीतच राहू द्या. जाळीवर वेल हवी असेल तर गोकर्ण किंवा वाल सोडा.

मधल्या रिकाम्या जागेत लावलेली रोपं जगत नाहीत. का?

कारण दोन्ही बाजूंच्या जुन्या झाडांची मुळं ती जागा आधीच बळकावून बसलेली असतात आणि वर सावलीही असते. शेजारची झाडं फूटभर मागे छाटा, पहारीने बाजूची मुळं तोडून दीड फूट खोल माती बदला आणि मग लावा. कोयनेल असेल तर रोप आणायचीही गरज नाही. शेजारच्या झाडाची खालची लवचिक फांदी ओढून मोकळ्या जागेत मातीखाली दाबा, वर दगड ठेवा. पावसाळ्यात तिला मुळं फुटतात. आईच्या झाडावर पोसली जात असल्याने ती सहसा मरत नाही.

घरात लहान मुलं आणि कुत्रा आहे. काय टाळू?

कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, दोन्हींचे सगळे भाग विषारी आहेत. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि दवाखान्यात जावं लागतं. दुरांत्याची पिवळी फळंही खाण्याची नाहीत, फुलं गेल्यावर छाटणी केली तर फळं धरत नाहीत. शेर या कुंपणाच्या झाडाचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. कापताना चष्मा आणि हातमोजे घालाच. मेंदी, जास्वंद, कामिनी, करवंद यांत अशी भीती नाही, करवंदाचे काटे सोडून.

पहिल्या वर्षी पाणी आणि छाटणी कशी ठेवायची?

पावसाळा संपला की ठिबक लावा, दीड फुटावर तोट्या असलेली नळी पुरेशी. आठवड्यातून दोनदा खोल पाणी, उन्हाळ्यात तीनदा. बुडाशी पाचट किंवा वाळक्या पानांचं चार बोटं जाड आच्छादन, पण खोडाला चिकटवून नाही.

उंची येईपर्यंत कात्री लावायची नाही, असं बरेच जण ठरवतात आणि तिथेच खालचा भाग कायमचा उघडा राहतो. रोप जमिनीत रुजलं की शेंडा खुडा. मग दर वीतभर नवीन वाढीला पुन्हा. उंची सावकाश येईल, पण दाटपणा बुडापासून येईल.

छाटणीच्या वेळी पक्ष्यांचं घरटं सापडलं तर?

तेवढा भाग सोडून द्या. उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून पावसाळ्यापर्यंत बुलबुल, शिंपी, मुनिया दाट हेजमध्येच घरटी करतात, आणि खोल छाटणीची आपली वेळही तीच येते. कात्री लावण्याआधी ओळीत हात घालून फांद्या बाजूला करून बघा. शिंप्याचं घरटं दोन-तीन पानं शिवून केलेलं असतं, पटकन दिसत नाही. घरट्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार फूट राखा. साधारण महिनाभरात पिल्लं उडून जातात, मग तो तुकडा छाटा. माळी रोजंदारीवर असेल तर त्याला हे सकाळीच सांगा आणि त्या जागी फडकं बांधून ठेवा.